कुकर एकीकडे, झाकण दुसरीकडे

घरात त्याला सगळे ‘पावती’ म्हणत. बस डेपोच्या भांडारात सुटे भाग सांभाळायचं त्याचं काम, आणि सही घेतल्याशिवाय साधा नटसुद्धा तो खिडकीबाहेर जाऊ द्यायचा नाही. एकदा खुद्द साहेब घाईघाईने आले आणि म्हणाले, एक वायसर दे, सही उद्या करतो. हा म्हणाला, मग वायसरही उद्याच न्या. साहेबांनी तो किस्सा चारचौघांत सांगितला, फिरत फिरत तो घरी पोचला, आणि थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, त्याच दिवशी धाकट्याचं जुनं नाव रद्द केलं.

अशा काटेकोर माणसाला जन्म देणारी आई मात्र घरातल्या वस्तूंच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद होती. ताईचा कुकर ताईच्या ओट्यावर, पण त्याचं झाकण दादाच्या स्वयंपाकघरात. दादा सुतार, तर त्याचा लाडका रंधा ताईच्या माळ्यावर. ताई पडदे शिवायची, तिची मोठी कात्री पावतीच्या कपाटात. पावतीचं ड्रिल दादाकडे, आणि ड्रिलचे बिट ज्या डब्यात होते तो डबा ताईकडे. हे सगळं आईने केलेलं. म्हातारी कापडी पिशवी खांद्याला अडकवून बसने तीन लेकरांच्या तीन घरी फिरायची, आणि पिशवी कुठूनही रिकामी न्यायची नाही हा तिचा नियम. ताईचं दार घासायला रंधा नेला, तो तिथेच विसरला. पावतीच्या घरी विजार आखूड करायला कात्री आणली, ती तिथेच राहिली. विचारलं की कपाळावर हात मारून घ्यायची. “अगं बाई, राहिलंच की. जा, तूच घेऊन ये. आणि जातोच आहेस तर त्यांना हे लोणी दे.”

पावतीने पुष्कळ प्रयत्न केले. प्रत्येक वस्तूला बिल्ला बांधून पाहिला. आईने बिल्ल्यांचं कौतुक केलं आणि वस्तू बिल्ल्यांसकट चुकीच्या घरी पोचवल्या. ताई वैतागायची. बिनझाकणाच्या कुकरला कुकर म्हणायचं की पातेलं, हे तरी सांग, असं ती आईला विचारायची. आई गंभीरपणे सांगायची की दादाकडे जाऊन येईपर्यंत पातेलं म्हण, आल्यावर कुकर म्हण.

गंमत अशी, की ही बाई कामावर कधीच चुकत नव्हती. नवरा तरणाताठा गेला तेव्हा तिन्ही पोरं शाळेत होती. तिने नाट्यगृहात नोकरी धरली. नाटकाला येणाऱ्यांचे कोट, टोप्या, छत्र्या ठेवून घ्यायच्या, आकड्याचा बिल्ला द्यायचा, नाटक सुटलं की बिल्ला घेऊन वस्तू परत करायची. सगळं प्रेक्षागृह एकदम बाहेर यायचं, प्रत्येकाला घाई, सगळ्या छत्र्या काळ्या. आईच्या हातून एक छत्री इकडची तिकडे झाली नाही. बिल्ला न बघता, नुसतं तोंड बघून ती कोट काढायची. मग घरीच असं का? पोरांनी आपल्यापरीने उत्तर काढून ठेवलं होतं. बिचारी दिवसभराची शिस्त नाट्यगृहात खर्च करते, घरी आणायला काही उरत नाही. दिव्याखाली अंधार. उत्तर सगळ्यांना पटलं होतं, म्हणून कोणी पुन्हा तपासलं नाही. भांडारात आयुष्य घालवलेल्या पावतीनेही नाही. ज्या कपाटावर विश्वास असतो, ते मोजायचं राहून जातं.

त्या खिडकीमागेच तिघं वाढली. शाळा सुटली की तिथे जायचं, टांगलेल्या कोटांखाली सतरंजी घालून अभ्यास करायचा. डोक्यावर परक्या माणसांचे कोट, त्यांना अत्तराचा, तंबाखूचा, ओल्या लोकरीचा वास. दादाला त्या लाकडी खुंट्या ढिल्या झालेल्या दिसल्या की चैन पडायचं नाही, पेनच्या टोपणाने ठोकून बसवायचा. ताई कोणाच्या कोटाचं बटण लोंबत असलं की गुपचूप टाका घालून द्यायची, आणि कोटाचा मालक घरी जाऊन बायकोचे आभार मानत असेल असं म्हणून हसायची. पावतीच्या वाट्याला बिल्ले. ते आकड्यांप्रमाणे ओळीने लावायचे. आज तिघं ज्यावर पोट भरतात, तो तिघांचा धंदा त्या एका खिडकीमागे सुरू झाला. आईने नाटक मात्र एकही पाहिलं नाही. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला की ती ओळखायची, आता मध्यंतराला किती वेळ आहे. तेवढ्यात ती पोरांना जेवायला घालायची.

तर अशी आई गेली. आणि जाताना, तिच्या नेहमीच्या सवयीने, एक वस्तू चुकीच्या ठिकाणी ठेवून गेली. ती वस्तू म्हणजे अबोला. दादा आणि ताई एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण असं. शेवटचे काही महिने आई दादाकडे होती. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईचं तळमजल्यावर, खिडकीत ऊन येतं. ताईने आईसाठी ती खोली लावून ठेवली होती, पिवळे पडदेही शिवून टांगले होते. आई म्हणायची, येते, थंडी सरली की येते. थंडी सरायच्या आत ती गेली. दवाखान्याच्या बाकावर बसून ताई म्हणाली, “माझ्याकडे असती तर अजून असती.” दादाने उत्तर दिलं नाही. तेव्हाही नाही, आणि नंतरही नाही. त्याचं ते न बोलणं ताईला कबुलीसारखं वाटलं आणि तिचं ते बोलणं दादाला जन्माचं लागलं. मधे पडलेल्या पावतीला दोघंही फोन करत. दोघंही हवापाण्याबद्दल बोलत आणि शेवटी, अगदी सहज विचारल्यासारखं, तिकडे सगळं बरं आहे ना, असं विचारत.

पावतीच्या मनाने घेतलं की हा गुंता वस्तूंचा आहे. एकाचं दुसऱ्याकडे अडकलेलं असतं, तिथून कुरबुर सुरू होते. ज्याचं त्याला देऊन टाकलं की मनं मोकळी होतील, मग बोलतील. हिशोब चोख तर नातं चोख. त्याला भीती एकच होती, की आईच्या आठवणीसाठी म्हणून तिघं एका खोलीत बसतील ती शेवटची वेळ ठरू नये. त्याच्या बायकोला हा बेत ऐकून हसू आलं होतं. ती म्हणाली, “अहो, देणंघेणं संपलं की दुकान बंद करतात. तुम्ही दुकान बंद करताय की चालू?” पावतीला बायकांचं हे असं आडून बोलणं आवडत नसे. तो बिल्ले काढायला उठला.

पंधरवडाभर सुट्टीच्या दिवशी तो तिन्ही घरांतून फिरला आणि सगळ्यांच्या वस्तू गोळा करून आणल्या. बैठकीच्या खोलीत तीन ढीग लावले. दादाच्या ढिगात रंधा, पटाशी, करवत. ताईच्या ढिगात कुकर आणि झाकण, पुष्कळ वर्षांनी एकत्र, जरा परक्यासारखे. कात्री, बटणांचा डबा, इस्त्री. स्वतःच्या ढिगात ड्रिल आणि बिटचा डबा. प्रत्येक ढिगाला डेपोचा बिल्ला. उरली फक्त आईची लांब शिडी. ती कोणाचीच नव्हती, म्हणून ती बाहेर जिन्याशी उभी होती.

शिडीकडे पाहून त्याला एक जुनी गोष्ट आठवली. तरुणपणी त्याचं आणि दादाचं एकदा कडाक्याचं वाजलं होतं, कशावरून ते दोघांनाही आता सांगता आलं नसतं. तेव्हा आईने त्याला दादाकडून शिडी आणायला पाठवलं. शिडी इतकी लांब, की एकट्याला उचलता येईना. पुढचं टोक दादाने धरलं, मागचं याने. अर्धा रस्ता दोघं गप्प. मग वळणावर शिडी फळवाल्याच्या गाडीला लागली, संत्री रस्त्यावर घरंगळली, फळवाल्याने दोघांच्या सात पिढ्या काढल्या, आणि दोघंही गुडघ्यावर बसून संत्री गोळा करता करता हसत सुटले. घरी पोचल्यावर आईने शिडी बघितली आणि म्हणाली, ठेवा तिकडे कोपऱ्यात. शिडी तिने वापरली नाही. तेव्हा त्याला वाटलं होतं, विसरली असेल.

ठरल्या दिवशी दुपारी आईच्या आठवणीसाठी सगळे जमले. दादा दाराजवळच्या खुर्चीत, ताई खिडकीजवळच्या. मधे चहाचं तबक. दोघंही पावतीशी आणि पावतीच्या बायकोशी भरभरून बोलत होती, आणि एकमेकांच्या अंगावरून नजर अशी नेत होती, जशी काचेतून नेतात. आणखी एक पाहुणा होता. नाट्यगृहाचे जुने दारवानकाका, आईबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले. कान गेलेले, त्यामुळे आवाज मोठा. चहात साखर घालताना ते मोजत नव्हते, आणि कोणी बघतंय का हेही बघत नव्हते.

तीन ढिगांकडे त्यांची नजर गेली. त्यांनी विचारलं, हे कसलं प्रदर्शन? पावतीने समजावून सांगितलं. आई कामावर इतकी चोख, पण घरी वस्तूंची फार सरमिसळ करायची, तर आता सगळं जागच्या जागी लावून देतोय. ऐकून काकांनी कप खाली ठेवला. ते आधी हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली.

नाट्यगृहात दोन म्हातारे भाऊ यायचे. दोघांनाही नाटकाचं वेड, पण एकमेकांशी अबोला. एक उजव्या दाराने येई, एक डाव्या. एक पुढे बसे, एक मागे. दोघांच्या टोप्या मात्र सारख्या, आईच्या त्याच खिडकीत. एके दिवशी नाटक सुटल्यावर आईने पुढच्याची टोपी मागच्याला दिली आणि मागच्याची पुढच्याला. काका तिथेच उभे होते. त्यांनी पाहिलं, बिल्ले बरोबर होते, आईने बिल्ले वाचलेही, आणि मग हात शांतपणे दुसऱ्या खुंटीकडे नेला. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ खिडकीपाशी हजर. एकाच्या कपाळावर टोपी घसरत होती, दुसऱ्याच्या डोक्यावर अर्धीच बसली होती. दोघंही तावातावाने आले, समोरासमोर उभे राहिले, आणि एकमेकांच्या टोपीकडे बघत राहिले. मग थोरला म्हणाला, तुझं डोकं लहानपणापासूनच मोठं. त्या दिवशी दोघांनी शेजारशेजारच्या खुर्च्या मागून घेतल्या.

“मी घाबरलो होतो,” काका म्हणाले. “म्हटलं, बाई, तुमच्याकडून चूक? तर मला म्हणते कशी, चूक कसली, काका. घरी मी हेच करते. तीन पोरं आहेत, तिघं तीन वाटांनी जाणार. एकाचं दुसऱ्याकडे ठेवलं की जात राहतात. फक्त त्यांना सांगू नका, नाहीतर ती शहाणी व्हायची.”

काकांचा आवाज इतका मोठा, की भिंतींनीसुद्धा हे ऐकलं असेल.  ताई खिडकीबाहेर बघत होती. दादा आपल्या हाताच्या तळव्यावरचा जुना घट्टा अंगठ्याने चोळत होता. पावतीच्या डोक्यात मात्र सगळी कपाटं एकदम उघडली. झाकण दादाकडे कधी गेलं? ताई दादाच्या सासरच्यांना काहीतरी लागट बोलली होती, त्याच आठवड्यात. रंधा ताईकडे कधी? त्या भांडणात दादाने ताईच्या घरी पाऊल टाकायचं सोडलं तेव्हा. कात्री, ड्रिल, शिडी. एकही वस्तू उगाच हललेली नव्हती. इतकी वर्षं तो ज्याला गोंधळ म्हणत आला, तो त्याने पाहिलेला सगळ्यात नीट लावलेला साठा होता, आणि तो सगळा त्याने स्वतःच्या हाताने, बिल्ले लावून, मोडून काढला होता.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, घोटभर. पण त्याहून मोठं दुसरंच काही वर आलं. गुडघे दुखत असताना कुकरचं जड झाकण पिशवीत घालून ती दादाच्या तीन मजल्यांचा जिना चढली असणार. वर पोचल्यावर धापा टाकत खोटंच म्हणाली असणार, अगं बाई, हे माझ्याबरोबर कसं आलं? स्वतःला वेंधळी म्हणवून घेऊन तिने तिघांना जोडून ठेवलं, आणि पोरांनी चेष्टा केली तर ती त्यांच्याबरोबर हसली. इतकं मिळालं होतं, आणि कुठे सही करायची वेळ आली नव्हती.

बायको आतून हाका मारू लागली, काकांना सोडायला कोणीतरी बसथांब्यापर्यंत जा. गडबड उडाली. दादा काकांचा हात धरून जिन्याशी गेला, ताई कप उचलून आत गेली. खोलीत पावती एकटाच उरला. त्याने दाराकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, सही न घेता, कुकरचं झाकण ताईच्या ढिगातून उचललं आणि दादाच्या करवतीखाली, फडक्यात गुंडाळून ठेवलं. पुन्हा दाराकडे पाहिलं. चोर पहिल्या चोरीला असाच दाराकडे बघत असेल, असं त्याला वाटलं. आई किती सफाईने करायची.

मग तो पाणी प्यायला आत गेला आणि मुद्दामच बराच वेळ आत राहिला. बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो परत आला तेव्हा दादा आपला ढीग पोत्यात भरत होता, ताई आपला पिशव्यांत. दोघांची पाठ एकमेकांकडे. निरोप घेतला तोही पावतीचाच. शिडी न्यायचं कोणी नावही काढलं नाही.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला.

“पावती, माझ्या कुकरचं झाकण नाही.”

“दादाकडे गेलं असेल चुकून.”

“चुकून? तुझ्याकडून?”

“वय झालं माझं,” पावती म्हणाला.  ताईने विचारलं, दादा असतो का घरी या वेळेला. असतो, असं त्याने सांगितलं. बरं, म्हणून तिने फोन ठेवला, आणि तिच्या आवाजात राग मुळीच नव्हता.

पावती खूश झाला. आपण केलेली एक अफरातफर अपेक्षेप्रमाणे कामाला लागली, याचं त्याला समाधान वाटलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. दादाचा.

“अरे, माझा रंधा कुठाय?”

“तुझ्या ढिगात होता. मी स्वतः ठेवला.”

“पोतं रिकामं केलं. नाही.”

आता मात्र पावती गोंधळला. झाकण त्याने हलवलं होतं. रंध्याला त्याने बोटही लावलं नव्हतं. त्याने डोळे मिटून ती खोली पुन्हा मांडली. काकांना सोडायला दादा गेला. मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा कप ठेवून बाहेर कोण आलं होतं? आणि ताईच्या पिशवीचं तोंड तिने इतकं घट्ट का बांधलं होतं?

“ताईकडे असेल,” तो म्हणाला.

 दादाने पोतं बाजूला सारल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “तिच्या स्वयंपाकघराचं दार अजून अडकतं का रे?”

“अडकतं.”

“मग रंधा तिथेच बरा. मीच जाऊन घासून येतो.” थोडं थांबून तो पुढे म्हणाला, “आईला मी रोज विचारायचो, ताईकडे जातेस का म्हणून. ती म्हणायची, तुझ्याकडे मला जास्त दिवस राहायचंय, ताईकडे मी सुखाने राहीन हे मला माहीत आहे, काळजी तुझीच वाटते, म्हणून इथे. हे ताईला कसं सांगायचं?”

“दार घासता घासता सांग,” पावती म्हणाला. “आणि जाताना झाकण घेऊन जा. तुझ्या पोत्यातून फडक्यात गुंडाळलेलं निघालं असेल, तेच. ताई निघाली असेल तर जिन्यातच भेटेल.”

पलीकडे दादा हसला. बऱ्याच महिन्यांनी.

फोन ठेवल्यावर पावतीला उत्साह आला. बैठकीच्या भिंतीवर आईचा एक फोटो लावायचा होता. नाट्यगृहाच्या खिडकीतला, हातात दोन छत्र्या घेऊन कोणावर तरी डोळे वटारतानाचा. त्याने ड्रिल काढलं, बिटचा डबा उघडला. आत ताईची बटणं. काळी, तपकिरी, कोटाची मोठी मोठी. बिट एकही नाही.

तो डबा हातात धरून तसाच उभा राहिला. साठा जुळत नव्हता. कोणी केलं, ताईने की दादाने, याचा माग काढता आला असता. पहिल्यांदाच त्याला तो काढावासा वाटला नाही. मग त्याने खुंटीवरची आईची कापडी पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि हाक मारून सांगितलं, दादाकडे जाऊन येतो, नाहीतर ताईकडे, जिथे दोघं असतील तिथे.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने हसू दाबलं होतं, पण ते डोळ्यांतून सांडत होतं.

“जा,” ती म्हणाली. “पण पिशवी रिकामी नेऊ नका.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटातली स्वतःची चांगली पक्कड पिशवीत टाकली. ती तो तिकडे विसरणार होता.